ऑर्क्नीचे जार्ल : दोन राजांचे मांडलिक

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझा विषय वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, याची मला कल्पना आहे. परवा एका ज्येष्ठ सभासदांनी मला जिन्यातच गाठले आणि विचारले, ‘‘सर, ही ऑर्क्नी आली कुठे? आणि मराठीच्या प्राध्यापकाचे तिथे काय काम?’’ प्रश्न रास्त आहे. उत्तर या वास्तूतच दडलेले आहे. विद्यार्थिदशेत मी येथे बखरी वाचावयास येत असे. एकदा हवी ती बखर बाहेर गेलेली होती, म्हणून इंग्रजी विभागातील जुन्या कपाटांपुढे रेंगाळत होतो. तेथे एक बांधणी सैल झालेला ग्रंथ हाती लागला. ‘ऑर्क्नेयिंगा सागा’ हे त्याचे नाव. १८७३ साली एडिंबरोत छापलेले ते भाषांतर होते. आतल्या कागदावर वाचकांच्या नोंदीसाठी जी चौकट चिकटवतात, ती पूर्ण कोरी होती. पुस्तकाची दया आली म्हणून घरी नेले आणि दोन रात्रींत वाचून संपवले. वाचताना सारखे वाटत होते, की ही तर बखर आहे! तीच भाऊबंदकी, तेच वतनाचे तंटे, तोच निवेदकाचा कोरडा, धिम्मा स्वर. माणूस मारला गेला तर एका वाक्यात, आणि त्याच्या आईने जेवण काय केले होते ते चार वाक्यांत. त्या दिवसापासून हा विषय माझ्या मागे लागला आहे.

प्रथम भूगोल सांगितला पाहिजे. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे समुद्रात सुमारे सत्तर लहानमोठ्या बेटांचा एक पुंजका आहे, ती ऑर्क्नी. त्याहून ईशान्येस, आणखी आत समुद्रात, शेटलंड. ऑर्क्नी आणि स्कॉटलंडची भूमी यांमध्ये पेंटलंड नावाची सामुद्रधुनी आहे. तिचा पट फार रुंद नाही, पण भरती-ओहोटीचा ओढ असा भयंकर, की आजही खलाशी तिला वचकून असतात. सामुद्रधुनीच्या अलीकडचा, स्कॉटलंडच्या भूमीवरचा प्रदेश म्हणजे केथनेस. ही तीन नावे ध्यानात ठेवावीत, कारण पाचशे वर्षांचे सारे राजकारण या तिहींत सामावले आहे. नवव्या शतकाच्या सुमारास नॉर्वेतून आलेल्या दर्यावर्दी लोकांनी ही बेटे व्यापली आणि तेथे आपल्या भाषेचे, कायद्याचे, शेतावाड्यांच्या नावांचे राज्य बसवले. त्यांच्या अधिपतीला ‘जार्ल’ म्हणत. इंग्रजीतला ‘अर्ल’ हा शब्द त्याच कुळातला.

जार्ल हा राजा नव्हे, पण सामान्य सरदारही नव्हे. ऑर्क्नी आणि शेटलंड त्याच्याकडे नॉर्वेच्या राजाकडून आलेली, तर केथनेस स्कॉटलंडच्या राजाकडून. एकाच माणसाचे दोन धनी, आणि दोन्ही धनी एकमेकांचे प्रतिस्पर्धी. जोवर दोघे दूर होते, तोवर जार्लाची चैन असे. एकाने डोळे वटारले की दुसऱ्याच्या प्रदेशात निघून जायचे. दोघेही बलवान झाले, तेव्हा मात्र त्याला दोन दोरांनी दोन दिशांना ओढले जाऊ लागले.

या घराण्याच्या आरंभीच्या कथा सागाकाराने रंगवून सांगितल्या आहेत; त्यांत इतिहास किती आणि ऐकीव किती हे पारखून घ्यावे लागते. पहिला मोठा जार्ल सिगुर्ड याने एका स्कॉट सरदाराला ठार केले आणि त्याचे शिर आपल्या खोगिराला बांधून तो विजयाच्या मस्तीत घोडा दौडवीत निघाला. त्या मृताचा एक दात पुढे आलेला होता. तो सिगुर्डच्या पोटरीला खरचटला, जखम चिघळली आणि जेता मेला. खरेखोटे देव जाणे. पण सागाकार यावर काही भाष्य करीत नाही, हे मला फार आवडते. पुढे आयनार नावाचा जार्ल झाला. बेटांवर झाडे नाहीत, म्हणून दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची माती विटांसारखी कापून, वाळवून जाळण्याची युक्ती त्याने लोकांना शिकवली, असे म्हणतात. आपल्याकडील गोवऱ्यांचीच ही बहीण म्हणावयाची. त्या मातीवरून त्याला ‘टॉर्फ-आयनार’ हेच नाव पडले. इ.स. १०१४ मध्ये आयर्लंडातील क्लॉनटार्फच्या लढाईत दुसरा सिगुर्ड पडला. त्याचा पाच वर्षांचा मुलगा थॉर्फिन हा स्कॉट राजाच्या मुलीचा मुलगा होता, आणि आजोबांनी त्या बालवयातच त्याला केथनेस दिले. रक्ताने अर्धा नॉर्वेचा, अर्धा स्कॉटलंडचा असा हा थॉर्फिन या घराण्यातला सर्वांत पराक्रमी पुरुष. पुढे तो रोमची यात्रा करून आला आणि बर्से येथे त्याने चर्च बांधले.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. या घराण्यात थोरल्यानेच सारे घ्यावे असा नियम नव्हता. सर्व मुलांचा हक्क असे, आणि जार्लपद अर्धे किंवा एक तृतीयांश असे वाटले जाई. भाऊबंदकी हा आपल्या इतिहासाचाच खास रोग आहे अशी समजूत असणाऱ्यांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. थॉर्फिनच्या दोन मुलांनी राज्य गुण्यागोविंदाने एकत्र सांभाळले. नातवंडांच्या वाट्याला मात्र हाकोन आणि मॅग्नस हे दोन चुलतभाऊ आले.

मॅग्नस पुढे संत ठरला, म्हणून त्याच्याविषयीचे सगळे वर्णन भक्तिभावाने माखलेले आहे. तरीही सागाकार प्रामाणिक आहे. या दोघा भावांनी मिळून एका आप्ताचा वध केल्याचेही तो सांगतो. म्हणजे मॅग्नसची तलवार म्यानातच होती असे नाही. १०९८ साली नॉर्वेचा राजा मोहिमेवर निघाला, तेव्हा त्याने या तरुण मॅग्नसला बरोबर नेले. वेल्सच्या किनाऱ्याजवळ लढाई जुंपली. ‘येथे माझे कोणाशीच भांडण नाही’, असे म्हणून मॅग्नस शस्त्र न उचलता जहाजावर स्तोत्रांची पोथी गात उभा राहिला. बाण येत होते, पण तो आडोशालाही गेला नाही. राजाला हा भित्रेपणा वाटला. आपणांस काय वाटते, ते आपण ठरवावे.

काही वर्षे दोघांनी निम्मे-निम्मे राज्य केले. मग चहाड्या सुरू झाल्या. अखेर १११७ च्या सुमारास ईस्टरच्या आठवड्यात एगिल्से या लहानशा बेटावर समेटासाठी भेटावयाचे ठरले. प्रत्येकाने दोनच जहाजे आणावयाची, असा करार होता. मॅग्नस दोन जहाजांनिशी आला. हाकोनची आठ आली. मॅग्नसने तीन पर्याय पुढे केले. मला रोमला किंवा जेरुसलेमला यात्रेला जाऊ दे, मी परतणार नाही. ते नको असेल तर मला स्कॉटलंडात नजरकैदेत ठेव. तेही नको असेल तर माझे डोळे काढ आणि अंधारकोठडीत टाक. भावाच्या हातून भावाचा खून होऊ नये, एवढ्यासाठी हे सारे मागणे होते. हाकोन तिसऱ्यावर तयार झाला. पण जमलेले सरदार उसळून उठले. आम्ही दुहेरी राज्याला विटलो आहोत, दोघांपैकी एकाने आज मेलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा हाकोन म्हणाला, मग त्याला मारा, कारण मला स्वतः मरण्यापेक्षा राज्य करणे अधिक पसंत आहे. श्रोतेहो, इतके नागडे सत्य राजकारणी माणसाच्या तोंडी क्वचितच सापडते.

निशाणधारकाला आज्ञा झाली. त्याने संतापून नकार दिला. मग हाकोनने आपल्या आचाऱ्याला, लीफॉल्फला, पुढे केले. आचारी मोठ्याने रडू लागला. मॅग्नसने त्याचे सांत्वन केले, आपला अंगरखा त्याला देऊ केला आणि सांगितले की, समोर उभा राहून डोक्यावर घाव घाल. चोरासारखी मान तोडणे सरदाराला शोभत नाही. तसेच झाले.

या प्रसंगाचा शेवट मला घावाहूनही भेदक वाटतो. मॅग्नसची आई थोरा हिने समेट होणार म्हणून दोघांसाठी मेजवानी मांडून ठेवली होती. त्या मेजवानीला हाकोन एकटा आला. थोराने स्वतः त्याला वाढले. पुष्कळ मद्य झाल्यावर ती त्याच्यापुढे आली आणि म्हणाली की, मी तुम्हा दोघांची वाट पाहत होते. आता तू तरी मला मुलासारखा हो, आणि माझ्या मुलाला चर्चमध्ये पुरू दे. हाकोन गप्प राहिला, मग रडला, आणि म्हणाला, तुझ्या मनात येईल तेथे पूर. मॅग्नसला बर्सेला, थॉर्फिनच्या चर्चमध्ये पुरले. हाकोनने पुढे रोम आणि जेरुसलेमची यात्रा केली, कायदे केले, उत्तम राज्य केले आणि तो लोकांचा लाडका होऊन मेला. सागाकार हेही लपवीत नाही.

मॅग्नसच्या बहिणीचा मुलगा नॉर्वेत होता. त्याचे मूळचे नाव काली; जार्लपद मागताना त्याने रोग्नवाल्द हे पूर्वजांचे नाव धारण केले. राज्य मिळाले तर मामाच्या नावे भव्य चर्च उभारीन, असा नवस त्याने केला. राज्य मिळाले आणि ११३७ मध्ये कर्कवॉल येथे तांबड्या-पिवळ्या वालुकाश्माच्या त्या कॅथीड्रलची पायाभरणी झाली. काम सुरू झाले आणि पैसा संपला. येथे त्याचा बाप कोल याची अक्कल पाहण्यासारखी आहे. बेटांवर ‘ओदाल’ म्हणजे पिढीजात निर्वेध मालकीची जमीन हा मोठा अभिमानाचा विषय होता. पण पूर्वीच्या जार्लांनी असा दावा लावला होता की, मालक मेला की जमीन जार्लाची, आणि वारसाने ती पैसे भरून सोडवून घ्यावी. आपल्याकडे वारसाने सरकारात भरावयाचा नजराणा असे, तसलाच हा प्रकार. कोलने सुचवले की, प्रत्येक नांगराच्या जमिनीमागे एक मार्क भरा आणि ही कटकट कायमची मिटवा. शेतकऱ्यांनी आनंदाने भरले. चर्च उभे राहिले. आज आठशे वर्षांनंतरही ते उभे आहे. १९१९ साली डागडुजी करताना तेथील एका खांबात दडवलेली पेटी सापडली; तीत एक सांगाडा होता आणि कवटीवर शस्त्राचा घाव होता. सागाकाराचे वाक्य दगडातून बाहेर यावे, तसे झाले.

रोग्नवाल्द स्वतः कवी होता. सोंगट्यांचा खेळ, रूनलिपी, ग्रंथवाचन, लोहारकाम, बर्फावरची घसरण, तिरंदाजी, वल्ही मारणे, वीणावादन आणि काव्य, अशा नऊ विद्या आपल्याला येतात, असे त्याने एका कवितेत सांगितले आहे. ११५१ मध्ये तो पंधरा जहाजे घेऊन जेरुसलेमला निघाला. वाटेत फ्रान्समधील नारबॉन येथील अधिकारिणी एर्मेंगार्दवर कविता केल्या, भूमध्य समुद्रात एक प्रचंड जहाज लुटले, जॉर्डन नदी पोहून पार केली, कॉन्स्टँटिनोपल आणि रोम पाहिले आणि ११५३ मध्ये तो घरी परतला. यात्रा आणि लूट एकाच प्रवासात उरकण्याचा हा प्रघात आजच्या श्रद्धाळू मनाला चमत्कारिक वाटेल. त्या काळच्या यात्रेकरूंनी ऑर्क्नीतील मेसहाउ या अश्मयुगीन थडग्यात शिरून भिंतींवर रूनलिपीत लेख कोरले. सुमारे तीस लेख आजही तेथे आहेत. त्यांत कोणी आपण जेरुसलेमचे यात्रेकरू असल्याचे नोंदवले आहे, कोणी आपल्याइतकी रूनविद्या समुद्रापलीकडे कोणालाच येत नाही अशी फुशारकी मारली आहे, तर कोणी एका स्त्रीच्या रूपाची वाखाणणी केली आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा मराठी इतिहास कोरविला गेला. तो मी पाहिला, तेव्हा मला या थडग्याची आठवण झाली होती. तेथे राजाज्ञा होती, येथे नुसती उनाडकी. पण परमुलखातल्या दगडावर आपली भाषा उमटवण्याची ओढ दोन्हीकडे आहेच.

हे या घराण्याचे मध्यान्ह. पुढचे चटकन सांगतो. ११५८ मध्ये रोग्नवाल्द केथनेसमध्ये मारला गेला. त्याच्या मागून हाराल्द माद्दादसन हा दीर्घायुषी जार्ल १२०६ पर्यंत राज्य करीत होता. त्याच्या पक्षाने नॉर्वेच्या राजाविरुद्ध उठाव केला. तो चिरडला गेला आणि ११९५ मध्ये शेटलंड जार्लांच्या हातून गेले. त्याचा मुलगा जॉन १२३१ साली थुर्सो गावी एका घराच्या तळघरात ठार झाला. खटला नॉर्वेच्या राजापुढे चालला. तो संपवून परतणाऱ्या साऱ्या मातबर आप्तांचे जहाज १२३२ च्या शरदऋतूत समुद्रात नाहीसे झाले. एका जहाजाबरोबर एक सरदारवर्ग बुडाला. त्यानंतर जार्लपद स्कॉट घराण्यांकडे गेले.

१२६३ मध्ये नॉर्वेचा राजा हाकोन स्कॉटलंडवर मोठे आरमार घेऊन आला. लार्ग्ज येथे त्याची डाळ शिजली नाही. हिवाळ्यासाठी तो कर्कवॉलला आला आणि बिशपच्या वाड्यात आजारी पडला. अंथरुणावर त्याने आधी लॅटिन ग्रंथ वाचून घेतले. परक्या भाषेतले समजून घेण्याचे श्रम आता होत नाहीत, असे वाटल्यावर त्याने आपल्या भाषेतले ग्रंथ आणवले. प्रथम संतांची चरित्रे, ती संपल्यावर नॉर्वेच्या राजांच्या सागा, एकेका राजाची. मध्यरात्रीच्या सुमारास त्याचा आजा स्वेर्रे याची सागा वाचून संपली आणि त्यानंतर थोड्याच वेळाने राजाने प्राण सोडला. ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून ही हकीकत सांगताना मला राहवत नाही, म्हणून थोडा थांबलो. १२६६ च्या तहाने पश्चिमेची बेटे स्कॉटलंडला मिळाली. ऑर्क्नी मात्र नॉर्वेकडेच राहिली.

१३७९ मध्ये नॉर्वेच्या राजाने हेन्री सिंक्लेअर या स्कॉट सरदाराला जार्ल केले. हा कोलंबसाच्या आधी अमेरिकेस पोचला, अशी कथा रसाळपणे सांगितली जाते. ती १५५८ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या एका संशयास्पद पुस्तकावर उभी आहे; तिला सोडून देणेच बरे. सिंक्लेअरांचे खरे महत्त्व वेगळे आहे. त्यांची मूळ जहागीर एडिंबरोजवळ रॉस्लिन येथे. त्यांचे कारकून, पाद्री, सोयरे सारे स्कॉट. आणि येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. १४२५ च्या सुमारास बेटांवरील लोकांनी एका जुलमी अंमलदाराविरुद्ध राणीकडे तक्रारअर्ज केला, तो नॉर्स भाषेत. १४३३ साली ऑर्क्नीतला पहिला स्कॉट भाषेतला दस्तऐवज आढळतो. या काळात बेटे नॉर्वेच्याच राजाची होती. निशाण बदलले नव्हते, धर्म बदलला नव्हता, कोणी भाषेवर बंदी घातली नव्हती. दप्तर मात्र बदलले.

राज्य गेले ते त्यानंतर पस्तीस वर्षांनी, आणि तेही लढाईत नव्हे. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा ख्रिस्तियन याने आपली मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला द्यावयाचे ठरवले. हुंडा साठ हजार फ्लोरिन. दहा हजार रोख द्यावयाचे आणि उरलेल्या पन्नास हजारांसाठी १४६८ साली ऑर्क्नी गहाण. रोखीतलेही दोनच हजार जमले. म्हणून १४६९ मध्ये आठ हजारांपायी शेटलंडही गहाण. हुंड्यापायी बापाने शेत गहाण टाकल्याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. येथे राजाने दोन द्वीपसमूह टाकले. पुढे दोन शतके डेन्मार्क पैसे घ्या आणि बेटे सोडा म्हणत राहिला, आणि समोरचा पक्ष दर वेळी काही ना काही निमित्त काढत राहिला. शेवटच्या जार्लाला, विल्यम सिंक्लेअरला, १४७० मध्ये फाइफमधील रेव्हन्सक्रेगचा किल्ला देऊन त्याचा हक्क सोडवून घेण्यात आला आणि १४७२ मध्ये ऑर्क्नी-शेटलंड स्कॉटलंडच्या मुकुटाला जोडले गेले. या जार्लाने बेटांसाठी काही आकांत केल्याचे दिसत नाही. रॉस्लिनला त्याने बांधविलेले नक्षीदार चॅपल आजही प्रवासी गर्दीने पाहतात. १६११ साली जुने नॉर्स कायदेही रद्द करण्यात आले.

घरात आणि होडीवर भाषा राहिली. तिला ‘नॉर्न’ म्हणत. पण तिच्यात ना दस्त, ना प्रवचन, ना पुस्तक. १६८३ साली विल्यम बेकी नावाच्या गृहस्थाने आपले सुमारे एकशे साठ ग्रंथ कर्कवॉलच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी मृत्युपत्राने ठेवले. स्कॉटलंडमधील अगदी जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. त्या संग्रहात बेटांच्या स्वतःच्या जार्लांची सागा असणे शक्यच नव्हते, कारण ती तोवर कोठेच छापलेली नव्हती. ती इ.स. १२०० च्या सुमारास लिहिली गेली आइसलँडमध्ये, समुद्रापलीकडे, ज्याचे नावही आपणांस ठाऊक नाही अशा माणसाकडून. सभासदाने शिवछत्रपतींची बखर जिंजीस बसून लिहिली. पण तेथे राजाराम महाराजांची आज्ञा होती. या आइसलँडरला कोणी सांगितले होते? सागा मुद्रित झाली १७८० मध्ये, कोपनहेगनला, लॅटिन भाषांतरासह. बेटांवरील साध्या माणसाला समजेल अशा इंग्रजीत यावयास १८७३ साल उजाडले. ते पुस्तक म्हणजेच मघाशी सांगितलेले, आपल्या कपाटातले.

एक शेवटची हकीकत सांगतो. १७७४ मध्ये जॉर्ज लो नावाचा पाद्री शेटलंडच्या प्रवासास गेला. हा बर्सेचा पाद्री. म्हणजे थॉर्फिनने जेथे चर्च बांधले आणि मॅग्नसला जेथे पुरले, तेथलाच. फूला या एकाकी बेटावर त्याला विल्यम हेन्री नावाचा एक वृद्ध शेतकरी भेटला. त्याला नॉर्न भाषेतले एक लांबलचक गीत पाठ होते. लोला नॉर्न येत नव्हते, तरी कानाला जसे ऐकू येईल तसे त्याने ते इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतले. पस्तीस कडवी झाली. ऑर्क्नीच्या एका जार्लाने नॉर्वेच्या राजकन्येला, हिल्दिनाला, पळवून नेल्याची ती कथा होती. म्हाताऱ्याला कथेचा गोषवारा सांगता येत होता. ओळ न् ओळ उलगडून सांगणे त्याला जमेना. लोचे हस्तलिखित त्याच्या हयातीत छापले गेले नाही. १८७९ मध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि १९०० साली हेग्स्ताद या नॉर्वेच्या भाषाभ्यासकाने त्या अक्षरांच्या गुंत्यातून शब्द सोडवून गीताचा अर्थ लावला.